तिसऱ्या दिवसाचं पाणी

म्हातारा बूजी बसला. एवढंच झालं. वेशीपासूनचा उतार उतरताना त्याला धाप लागली, म्हणून त्यानं खांद्यावरचा घडा वाटेकडेच्या सपाट खडकावर जपून ठेवला, झाकणाची दोरी चाचपून पाहिली, दहा-बारा पावलं पुढं येऊन सावली शोधली आणि ओकच्या झाडाखाली रचलेल्या दगडांच्या ढिगावर टेकला. कमरेच्या फडक्यातून एक सुकं अंजीर काढून चघळायला लागला. मी वरच्या बांधावरून हे सगळं पाहत होतो. त्या ढिगाखाली माझा भाऊ शिम्री होता. परवा दुपारी त्याला तिथं ठेवला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. घसा बसला होता किंवा जीभ सुकली होती असलं काही नाही. आवाज घशाशी येऊन उभा होता, पण बाहेर पडायला तयार नव्हता. तीन दिवसांत हे माझ्या बाबतीत दुसऱ्यांदा होत होतं, त्यामुळं मला त्याचं नवलही वाटलं नाही. मी नुसता तोंड उघडं ठेवून म्हाताऱ्याच्या हलणाऱ्या जबड्याकडं पाहत राहिलो.

ओरडला तो मल्लूख. तो पहाटेपासून पाण्याची वाट बघत ओढ्याकाठच्या छावणीतून रस्त्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. वळणावर येऊन त्यानं पाहिलं आणि दोन्ही हात वर करून धावत सुटला. "उठ! बूजीबाबा, उठ तिथून! तिथं शिम्री आहे!"

बूजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "कुठाय? मला तर कुणी दिसत नाही."

"खाली! तुझ्या खाली!"

म्हातारा ताडकन उठला. अंजीर हातातून पडलं. मग त्यानं वाकून दगडांकडं पाहिलं, त्यांच्या सांदीतल्या ताज्या ओल्या मातीकडं पाहिलं, आणि भीती वाटायच्या आधी त्याला राग आला. "चुना कुठाय?" तो सगळ्यांवर डाफरला. "नव्या थडग्यावर चुना लावायचा असतो हे काय मी शिकवू तुम्हाला? पांढरं काही दिसलं असतं तर बसलो असतो होय मी? डोळे शाबूत आहेत अजून माझे. सुईत दोरा ओवतो!"

तोवर छावणीतली माणसं गोळा झाली होती, आणि सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आमचा नायक हेलेस शांतपणे म्हणाला, "हेफेर, चुन्याचं मडकं मी तुझ्याकडं दिलं होतं."

"हो."

"मग?"

"राहिलं."

"राहिलं म्हणतोय!" मागून झिम्रान बोलला. झिम्रानला कुठंही बोलायचं असतंच. पण मल्लूखनं त्याला गप्प केलं. "जाऊ दे रे. सख्खा भाऊ होता त्याचा. नसेल धजला हात. मला सांगायचंस ना हेफेर, मी लावला असता." हे तो फार मायेनं म्हणाला. या माणसानं शिम्रीला दोन डोंगर ओलांडून पाठीवर आणलं होतं. तू धर थोडा वेळ, असं वाटेत एकदाच मला म्हणाला होता. मी म्हणालो होतो, माझा खांदा निखळलाय. तेव्हाही तो असंच मायेनं म्हणाला होता, राहू दे, राहू दे.

मडक्याचं सांगायचं तर परवा संध्याकाळी मी ते घेऊन खरंच थडग्यापाशी गेलो होतो. उकिडवा बसलो. दगड माझ्यापासून हातभर लांब होते. चुना लावायचा म्हणजे दगडाला हात लागणार, आणि थडग्याला हात लागला की मेलेल्याला लागल्यासारखंच, सात दिवसांचा विटाळ. लढाईहून परतलेल्या छावणीतल्या अडतीस माणसांना तो लागलेला होताच. कुणी मारलं होतं, कुणी उचललं होतं, कुणी नुसतं एखाद्या प्रेताला अडखळून पडलं होतं. मला लागला नव्हता. हे मला माहीत होतं आणि आणखी कुणालाच माहीत नव्हतं. आता या दगडावर तळवा टेकवला की मीही त्यांच्यातला एक होणार होतो, सगळं कसं साजरं होणार होतं. आणि माझा हात पुढं जाईना. मी मनाशी म्हणालो, हे चोरून आत शिरण्यासारखं होईल, मला तो हक्क नाही. चांगलं वाटलं असं म्हणून. पण थोड्या वेळानं वाटलं, की हक्कबिक्क काही नाही, तुला भीती वाटतेय. शिम्रीची भीती वाटतेय. दोन्हीतलं खरं कोणतं ते मला आजही सांगता येणार नाही. अंधार पडायला लागला तसं मी मडकं ओढ्यात ओतलं. पाणी हातभर लांब पांढुरकं झालं आणि पुढं जाऊन पुन्हा होतं तसं झालं.

खाली वाद चालला होता. म्हणजे वाद घालण्यासारखं काही नव्हतंच, पण माणसं तेच ते वेगवेगळ्या आवाजात बोलत होती. मेलेल्याला शिवलेला माणूस सात दिवस वेशीबाहेर. तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी त्याच्यावर तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडायचं. शिंपडणारा पुरुष हवा, आणि शुद्ध हवा. तिसरा दिवस चुकला तर सातव्या दिवसाला काही अर्थ नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि आज तिसरा दिवस होता, घडा खडकावर तसाच बांधलेला होता, पाणी निर्मळ होतं, फक्त ते शिंपडणारा माझ्या भावाच्या अंगावर बसून अंजीर खाऊन उठला होता.

"वेशीतून दुसऱ्या कुणाला तरी हाक मारा," झिम्रान म्हणाला.

"आहे कोण?" बूजी म्हणाला. तो आता इतरांपासून जरा लांब, उन्हात उभा होता. "परवा रात्री आसाचा बाप गेला. शहरात उरलेसुरले जेवढे म्हातारे होते, तेवढे सगळे त्याच्या छपराखाली जाऊन बसले. मयताच्या छपराखाली गेलं की झालेच सात दिवस. मला तेवढं बायकोनं कोंडून ठेवलं, म्हणाली तुला पाणी न्यायचंय. आता तिला काय सांगू? मसूर शिजत टाकलेत तिनं."

"पोरं?"

"मिसरूड न फुटलेल्याच्या हातात देऊ हे पाणी? काहीतरीच बोलू नकोस."

"पलीकडच्या शहरातून कुणी?"

"जायला दीड दिवस. आणि सूर्य बुडाला की चौथा दिवस लागला."

बांधाच्या खाली शेतांत जव पिवळा पडून वाकला होता, त्यावर पाखरं बसत होती आणि उठत होती, आणि त्यांना हाकलायला कुणी नव्हतं. सातव्या दिवसापर्यंतच्या चार दिवसांत अर्धा जव झडणार, पुन्हा पहिल्यापासून मोजलं तर सगळाच. पण त्या वेळी बहुतेकांच्या मनात जव नव्हता. सगळे मल्लूखकडं बघायचं टाळत होते. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, परवा, आम्ही परत आलो त्याच दिवशी त्याच्या बायकोला मुलगा झाला. सुईणीनं तटावर चढून ओरडून सांगितलं होतं, आणि मल्लूख खाली, पाठीवरून शिम्रीला नुकताच उतरवून, रक्तानं माखलेला, तटाकडं तोंड करून उभा होता. हसावं की रडावं ते त्याला समजत नव्हतं. आठव्या दिवशी मुलाची सुंता. बापानं मांडीवर घ्यायचं. सातव्या दिवशी संध्याकाळी बाप शुद्ध होऊन वेशीतून आत, आठव्या दिवशी सकाळी मांडीवर पोर. गेले दोन दिवस तो हे बोटांवर मोजत होता, मोजून झालं की पुन्हा मोजत होता. आता तो रस्त्याच्या कडेला मातीत बसला. "होईल त्याच्या मामाच्या मांडीवर," तो म्हणाला. "काही बिघडत नाही." आणि त्यानं नाक शिंकरलं.

मी बांधावर बसून होतो. पायाला मुंग्या आल्या होत्या. मी जागा बदलली, पुन्हा बदलली. गेले तीन दिवस मला एका जागी बसता येत नव्हतं. अंगाला काही लागलेलं नसताना मी दिवसातून पाच वेळा ओढ्यात जात होतो, रेतीनं हात घासत होतो, आणि वर आलो की पुन्हा हातांना काहीतरी हवंसं वाटत होतं. बाकीच्यांना वाटत होतं, भावाचं दुःख आहे. ते मला एकटं सोडत होते. रात्री मी त्यांच्यापासून लांब, उघड्यावर झोपत होतो, त्यांच्या पंगतीला बसत नव्हतो. काल सूर्य बुडताना अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात बुडी मारली होती, आणि तेव्हापासून ना कुणाला शिवलो होतो ना काही खाल्लं होतं. विटाळलेल्या माणसाचा धक्का लागला तर तो विटाळ संध्याकाळपर्यंतचाच, आंघोळीनं जाणारा. म्हणजे या सबंध माळावर, ओढ्यापासून वेशीपर्यंत, एकच शुद्ध पुरुष होता. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि मी हसलो. खरंच हसलो. खालून हेलेसनं वर पाहिलं, त्याला वाटलं मी हुंदका दिला.

बोललो नाही तर कुणाला कळणार नव्हतं. हेही मी नीट पाहून घेतलं. मी काल त्यांच्यासारखाच भाला जाळातून काढला होता. लढाईतली धातूची वस्तू विस्तवातून जावी लागते, विस्तवात न टिकणारी पाण्यातून, म्हणून काल दिवसभर छावणीत नुसता धूर होता. झिम्राननं शत्रूच्या तंबूतून बायकोसाठी कांशाचा आरसा उचलला होता, आणि त्याची मूठ लाकडाची होती. "आरसा जाळातून काढ," हेलेस म्हणाला. "मूठ जळेल की!" "मग पाण्यातून काढ." "कांसं पाण्यानं शुद्ध होतं का?" "नाही." "मग काढू कशातून?" "बायकोला सांग, तोंड ओढ्यात बघ." सगळे खो खो हसले होते. मीही हसलो होतो, लांबून. मग माझा भाला जाळात धरला, आणि झिम्रान म्हणाला, "जरा वेळ धर लेका, रक्त जळायला वेळ लागतो." मी धरून ठेवला. टोक काळं पडलं. त्यावर जळण्यासारखं काहीच नव्हतं, आदल्या आठवड्यात मी स्वतः लावलेलं तेल होतं तेवढं. त्या तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

लढाईच्या जागी अंजिराच्या झाडाखाली पाण्याचं एक टाकं होतं, कोरडं. तळाला गेल्या वर्षीचा पाचोळा आणि बेडकाचं एक सुकलेलं कातडं. शिंग वाजलं तेव्हा मी शिम्रीच्या डावीकडं होतो, आमचं ठरलंच होतं तसं, तो उजवीकडचं बघणार, मी डावीकडचं. सगळे धावले. मीही धावलो, आणि माझे पाय जिथं गेले तिथं ते टाकं होतं. मी ठरवलं नव्हतं. पण पडलोही नव्हतो. कडेला हात टेकून, भाला आधी आत सोडून, व्यवस्थित उतरलो, जसं रोज पाणी उपसायला उतरतात. वर आभाळाचा गोल तुकडा होता आणि त्यात अंजिराची फांदी हलत होती. आवाज येत होते, पण ते कशाचे होते ते मी ओळखायचं नाही असं ठरवलं होतं. मग शिम्रीचा आवाज आला. तो मी ओळखला. "हेफेर, डावीकडं!" त्यात भीती नव्हती. शेतात काम करताना हाक मारावी तशी मारली त्यानं, त्याला वाटत होतं मी तिथंच आहे. मी तोंड उघडलं. थोड्या वेळानं पुन्हा, "हेफेर, डावीकडं बघ!" आणि मग काही नाही. डावीकडं काय होतं ते मला माहीत नाही. शिम्रीला जखम डाव्या बाजूला होती, काखेच्या खाली, हे मी नंतर तो मल्लूखच्या पाठीवर असताना पाहिलं.

लहानपणी एकदा मी मेलेल्या कोल्ह्याला हात लावला होता. त्याचे कान कसे लागतात ते बघायचं होतं मला. आईनं विचारलं, कुणी लावला? ज्यानं लावला त्यानं संध्याकाळपर्यंत अंगणाबाहेर बसायचं. मी गप्प. शिम्री म्हणाला, दोघांनी लावला. मग आम्ही दोघं दिवसभर अंगणाबाहेरच्या भिंतीला टेकून बसलो. आईनं भाकरी लांबून फेकली, ती शिम्रीनं झेलली आणि मोठा तुकडा स्वतःसाठी ठेवला. त्यानं कोल्ह्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी आंघोळ करताना मी त्याला विचारलं, तू खोटं का बोललास? तो म्हणाला, एकट्यानं बसायला कंटाळा येतो रे. त्याच्याकडं एवढंच उत्तर होतं. तो काही फार मोठ्या मनाचा वगैरे नव्हता. चिडका होता, जेवताना आवाज करायचा. आता तो दगडांखाली एकटा होता, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावरून उठून आलो होतो.

ऊन कलायला लागलं होतं. मल्लूख अजून तसाच बसला होता, बोटं मोजत नव्हता. त्याचे हात गुडघ्यांवर उलटे पडले होते आणि नखांत शिम्रीचं काळं पडलेलं रक्त होतं. ते नखांतून निघत नव्हतं. मी उठलो. त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबलो, कुणाचा धक्का लागायला नको म्हणून.

"मी शिंपडतो," मी म्हणालो.

हेलेस थकून म्हणाला, "पोरा, बस जा सावलीत."

"मी शुद्ध आहे."

झिम्रान दुसऱ्या कुणाला तरी हळूच म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय." बूजी मात्र माझ्याकडं टक लावून बघत होता. या एका गोष्टीत म्हाताऱ्याचं डोकं फार लवकर चालतं. "कशावरून?" त्यानं विचारलं.

"मी कुणाला शिवलो नाही."

"लढाईत होतास ना?" हेलेस म्हणाला.

"नव्हतो. टाक्यात होतो."

मला वाटलं होतं, आता कुणीतरी धावून येईल, दगड उचलेल. निदान थुंकेल. मी तयारीत होतो, खरं तर वाटच बघत होतो. पण हेलेस पुढं आला आणि दहा पावलांवरच थांबला, आणि त्यानं मला विचारायला सुरुवात केली. बैल विकत घेताना दात बघतात तसा तो एकेक प्रश्न विचारत होता. कुठलं टाकं? अंजिराखालचं, कोरडं. कधी शिरलास? शिंग वाजलं तेव्हाच. त्याआधी कुणावर वार? नाही. टाक्यात काही मेलेलं होतं? बेडकाचं कातडं. त्याचं काही नाही, बूजी मधेच म्हणाला. बाहेर कधी आलास? सगळं थांबल्यावर. येताना प्रेतांवरून चालावं लागलं असेल? नाही, मागच्या बाजूनं वळसा घालून आलो. नीट आठव, एखाद्याचा हात, पाय, कपडा? नाही. वाटेत शिम्रीला धरलंस? नाही. खांदा निखळला होता ना? नाही. थडग्याला हात? नाही. चुना लावतानाही नाही? लावलाच नाही.

"शपथ घे."

"जिवंत परमेश्वराची शपथ. मी कुणालाच शिवलो नाही. भावालाही नाही."

आणि मग मी त्यांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. त्यांना बरं वाटत होतं. आधी मला ते समजलं नाही. मग समजलं की या लोकांना माझं भित्रेपण हवं आहे, पुरेपूर हवं आहे. त्यात शौर्याचा एक थेंब जरी मिसळलेला निघाला, मी एखाद्या मरणाऱ्याला नुसतं पाणी पाजलेलं निघालं, तरी त्यांचा तिसरा दिवस बुडणार होता. मी जितका नादान, तितकं त्यांचं घर जवळ. मला राग यायला हवा होता. उलट मला पहिल्यांदा अंग हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटली.

"चालेल," बूजी म्हणाला. "याच्याइतका शुद्ध माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही."



मी खडकापाशी जाऊन घड्याची दोरी सोडली. पाणी थोडं राखाडी होतं, वर बारीक काळा कण तरंगत होता. एजोबच्या झुडपाची जुडी घड्याच्या गळ्यात खोचलेली होती, ती मी पाण्यात बुडवली. माणसं रांगेत उभी राहिली, झगे कमरेपर्यंत उतरवून. बूजी लांबून शिकवत होता. "तसं नव्हे रे, झाडू मारल्यासारखं काय करतोस! मनगट सैल सोड. थेंब पडले पाहिजेत, आंघोळ नाही घालायची." मी मनगट सैल सोडलं. एकेकाच्या छातीवर, दंडावर थेंब पडत होते. ओळखीची शरीरं होती सगळी, कापणीला बरोबर असलेली, आणि आता त्यांच्यावर नव्या जखमा होत्या. माझं अंग झग्याखाली कोरं करकरीत होतं. झिम्राननं डोळे मिटून घेतले आणि तो पहिल्यांदाच काही बोलला नाही. हेलेसनं माझ्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी पाहिलं. कुणी शिवी दिली असती तर ती धरून मला उभं राहता आलं असतं, पण पाणी घेताना बोलायचं नसतं, आणि माझ्यासाठी ती रीत मोडावी असं कुणाला वाटलं नाही.

मल्लूख शेवटी आला. इतरांपेक्षा जवळ येऊन उभा राहिला, मला एक पाऊल मागं सरावं लागलं. त्याच्या पाठीवर शिम्रीच्या वजनानं सोलवटलेलं होतं. मी जुडी बुडवली, आणि हात तसाच राहिला. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्यानंच रीत मोडली.

"तो तुला हाक मारत होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, तू असशील त्याच्या पलीकडं."

"ऐकू आलं मला."

त्यानं मान हलवली. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, नखं माझ्याकडं. "इथं नीट शिंपड," तो म्हणाला. "पोराला घ्यायचंय मला."

मी शिंपडलं. त्याच्या हातांवर, पुन्हा हातांवर, आणि मग खांद्यांवर. त्यानं थेंब पुसले नाहीत. तसाच वळला आणि छावणीकडं गेला.

ज्याच्या हातून शुद्धी होते त्याला शुद्ध करता करता विटाळ लागतो, ही आमच्याकडची रीत. पण तो संध्याकाळपर्यंतचा. मी ओढ्यात कपडे धुतले, अंग धुतलं, आणि ओलाच काठावर बसलो. छावणीत भाकरी भाजल्याचा वास आला. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा मी उठून त्यांच्याकडं जायला लागलो. हेलेस समोर आला. या वेळी तो दहा पावलांपेक्षा लांबच थांबला.

"इकडं कुठं?"

"रात्रीची सोय बघतो. सातव्या दिवशीही पाणी शिंपडायला कुणीतरी लागेल."

"तेव्हा तुला वेशीतून बोलावून घेऊ," तो म्हणाला. "सूर्य बुडाला की तू शुद्ध. शुद्ध माणसानं घरी जायचं असतं."

"हेलेस, राहू दे मला इथं. आणखी चार दिवसच तर आहेत. सगळ्यांबरोबर येतो."

"इथं विटाळलेली माणसं आहेत बाबा," हेलेस म्हणाला. "तुला लागेल." आणि तो परत फिरला.

मग मी निघालो. चाळीस माणसं शिंग फुंकत ज्या वाटेनं उतरली होती, त्या वाटेनं एकटाच चढत होतो. वेशीत बायका उभ्या होत्या. रोज संध्याकाळी उभ्या असायच्या, लांबून आपापल्या माणसांना ओळखायला, हात हलवायला. त्यांनी एकाला वर येताना पाहिलं आणि कुजबूज थांबली. आई पुढं होती, गोणपाट नेसलेली, डोक्यात राख. आसाच्या घरी ती गेलीच नव्हती. स्वतःच्या दुःखातून उठून दुसऱ्याच्या दारी जायला तिला सवडच नव्हती.

"थांब!" एक जण किंचाळली. "सात दिवस झाले नाहीत!"

"मी शुद्ध आहे," मी म्हणालो. आज दुसऱ्यांदा. "पाणी मीच शिंपडलं."

आईनं बाकीचं ऐकलंच नाही. शुद्ध एवढं ऐकलं आणि ती धावत आली, आणि तिनं मला धरलं. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, गालांवरून, कानांवरून, मानेवरून हात फिरवला, खांदे दाबून पाहिले, दंड, मनगटं, बोटं, एकेक बोट. दुसऱ्या बायका बघत होत्या. त्यांचे नवरे, त्यांची पोरं खाली दिसत होती, त्यांना चार दिवस हात लावता येणार नव्हता, आणि माझी आई त्यांच्यासमोर पोटभर मला हात लावत होती. मी उभा होतो. गेले तीन दिवस माझं अंग काय मागत होतं ते मला आता कळलं.

"बघा गं," ती वळून बायकांना म्हणत होती, हसत आणि रडत, "एक नेला देवानं, पण एक आणून दिला. कुठं खरचटलंसुद्धा नाही. कुणाचं रक्त नाही याच्या अंगावर. कुणालाही शिवला नाही माझा..."

ती थांबली. हा हिशोब आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येतो. आईचे हात माझ्या छातीवर होते, ते तिथंच राहिले.

"मग शिम्रीचे डोळे कुणी मिटले?" तिनं विचारलं.

"मल्लूखनं."

"आणलं कुणी?"

"मल्लूखनंच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग तिनं दोन्ही हात माझ्या छातीवरून काढून घेतले आणि नेसलेल्या गोणपाटाला पुसले, आधी तळवे, मग एकेक बोट. "चल," ती म्हणाली. "भाकरी आहे घरात." आणि मागं न बघता ती पुढं चालायला लागली.